पेट्रा, अहरोनचा डोंगर आणि साळवे भावंडं

‘पेट्रा बायबलमध्ये नक्की कुठे येतं?’ हा प्रश्न मला प्रत्येक टूरमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच. बहुतेक वेळा तो हिथ्रोला चेक-इनच्या रांगेतच यायचा, म्हणजे अजून बॅगासुद्धा हातावेगळ्या झालेल्या नसायच्या. खरं उत्तर असं की, त्या नावाने कुठेच येत नाही. पण चर्चच्या पंचवीस-तीस माणसांना बायबलची भूमी दाखवायला निघालेल्या बाईने विमानात बसायच्या आधीच हे सांगायचं नसतं, एवढं मी लवकर शिकले.

मी टूर मॅनेजर होते. आमची छोटी कंपनी हॅरोमध्ये एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर होती. इंग्लंड-वेल्समधल्या चर्चच्या ग्रुप्सना जॉर्डनला नेऊन आणायचं हे आमचं मुख्य काम. मुलं मोठ्या शाळेत गेली तेव्हा मी तिथे फोन घ्यायला म्हणून लागले. मग एकदा आमचा टूर मॅनेजर शिडीवरून पडला आणि साहेबांनी मला विचारलं, “नीला, तुझा पासपोर्ट आहे ना चालू?” गळ्यात मंगळसूत्र, हातात कंपनीची पिवळी छत्री आणि मागे मेथडिस्ट चर्चच्या लोकांची रांग, अशी मी पहिल्यांदा अम्मानच्या विमानतळाबाहेर पडले.

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे इतिहास सांगणं. इतिहास सांगायला तिथला परवानाधारक गाइड असतो. टूर मॅनेजर माणसं मोजतो. कोचमध्ये चढताना मोजायची, उतरताना मोजायची, जेवणानंतर मोजायची. पुढचं स्वच्छ टॉयलेट किती लांब आहे ते पाठ असावं लागतं. कुणाला शाकाहारी लागतं, कुणाचं इन्सुलिन हॉटेलच्या फ्रिजमध्ये राहिलंय, कोण दोघी एका खोलीत नकोत, हे सगळं डोक्यात. आणि कोचच्या लांब प्रवासात माइक हातात आला की थोडं बोलायचं.

त्या बोलण्यासाठी मी बायबल वाचायला घेतलं. ऑफिसातली इंग्रजी प्रत इतक्या जुन्या भाषेत होती की, दोन पानांत मला झोप यायची. मग पुण्याच्या मैत्रिणीने मराठी पवित्र शास्त्र आणून दिलं आणि ते मात्र मी गोष्टी वाचाव्यात तसं वाचून काढलं. त्याचा एक तोटा झाला. माझ्या डोक्यात सगळी नावं मराठीत बसली. पहिल्या टूरवर मी माइकवर “मोशे, मोशे” करत राहिले आणि मागच्या सीटवरच्या आजोबांना वाटलं, मी ड्रायव्हरला हाक मारतेय.

स्लाऊच्या एका निवृत्त सिग्नल इंजिनिअरने मला या धंद्यातली खरी शिस्त लावली. मी काहीही सांगितलं की ते हात वर करून विचारत, हे लिहिलेलं आहे, की लोक मानतात, की गाइड सांगतो? मला आधी त्यांचा राग आला. मग मी तशाच तीन राशी करून बोलायला लागले आणि माझं बोलणं लोकांना जास्त आवडायला लागलं.

पेट्राच्या बाबतीत त्या राशी अशा. शहर आहे नबाती अरबांचं, गुलाबी-तांबूस डोंगर आतून-बाहेरून कोरून केलेलं. दक्षिण अरबस्तानातून ऊद आणि गंधरस लादलेले उंटांचे तांडे इथून पुढे जायचे. बेथलेहेमच्या बाळाला पूर्वेकडच्या मागी लोकांनी, म्हणजे ज्योतिषांनी, ऊद आणि गंधरस आणला, हे लिहिलेलं आहे. तो माल पेट्रावरून आला, हे लोकांना मानायला आवडतं. ‘कदाचित’ हा शब्द मी तिथे मोठ्याने म्हणायचे. येशूचा प्रचार करणाऱ्या पौलाला दिमिष्क शहरात पकडायला पहारा बसवला होता आणि तो टोपलीत बसून तटावरून खाली उतरला, हे लिहिलेलं आहे. तो पहारा बसवणारा अधिकारी अरीतास राजाचा, आणि अरीतासाची राजधानी हीच, पेट्रा. याच अरीतासाची मुलगी हेरोद राजाला दिली होती. हेरोदाने तिला सोडून स्वतःच्या भावजयीशी लग्न केलं आणि त्यावर बोलला म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं गेलं. हा भाग सांगितला की कोचमधल्या पेंगणाऱ्या बायकासुद्धा जाग्या व्हायच्या. सासर-माहेरच्या भानगडी सगळ्यांना कळतात.

त्याच्याही आधी हा सगळा मुलूख अदोमाचा, म्हणजे एसावाच्या वंशजांचा; इस्राएल लोक त्याच्या भावाचे, याकोबाचे, आणि त्या दोघा भावांचं वैर होतं. ‘सेला’ नावाचं त्यांचं खडकावरचं ठाणं बायबलमध्ये आहे. तेच पेट्रा, असं काही विद्वान म्हणतात. नाही, ते उत्तरेकडचं दुसरंच टेकाड, असं बाकीचे म्हणतात. आणि पेट्राच्या मागे उभा आहे तो जबल हारून, अहरोनचा डोंगर. माथ्यावर पांढरा घुमट. मोशेचा थोरला भाऊ अहरोन होर डोंगरावर मेला, हे लिहिलेलं आहे. होर डोंगर म्हणजे हाच, हे लोक मानतात. त्या डोंगराबद्दलच आता सांगायचं आहे.

कोविडच्या आधीच्या एका ऑक्टोबरची टूर. बुकिंग चालू असताना स्लाऊहून एका मुलीचा फोन आला. नाव एस्तेर साळवे, तिथेच जन्मलेली, एका टेक कंपनीत नोकरी. माझं आडनाव ऐकून तिने मोडक्यातोडक्या मराठीत सुरुवात केली.

“आंटी, माझी बाबा येतोय तुमच्या ट्रिपला. आणि कार्डिफवरून माझा आत्या पण येतोय. पण बाबाला सांगू नका हां, सरप्राइज आहे.”

एका प्रवाशाची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही हा आमचा नियमच होता, त्यामुळे मी आनंदाने हो म्हटलं. मला वाटलं, वाढदिवस वगैरे असेल.

हिथ्रोला कार्डिफचा ग्रुप त्यांच्या पाळकसाहेबांबरोबर आधी पोचला. हे गोरे, उंच, अतिशय सौम्य गृहस्थ. त्यांच्या मागे नेव्ही कार्डिगन घातलेल्या, बुटक्या, ताठ बाई उभ्या होत्या. वय पंचाहत्तरच्या आसपास. शांताबाई साळवे, कार्डिफच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या वॉर्ड सिस्टर. त्यांनी माझा बिल्ला वाचला आणि मराठी ख्रिस्ती लोक म्हणतात तसं “सलाम. मराठी का तू? बरं झालं,” म्हणाल्या. तेवढ्यात ट्रॉली ढकलत एस्तेरचे बाबा, शमुवेलभाऊ आले. डोक्यावर क्रिकेटची टोपी. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोदामात जन्मभर फोर्कलिफ्ट चालवलेला, बहिणीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान माणूस. त्यांनी शांताबाईंना पाहिलं आणि ट्रॉली जागच्या जागी थांबली.

शांताबाईंनी त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, “हा माणूस कुठल्या ग्रुपमध्ये आहे?”

“तुमच्याच,” मी म्हटलं.

“मग याचं सीट माझ्यापासून लांब ठेव.”

शमुवेलभाऊंनीही मलाच सांगितलं, की लांबच बरं, पाय पसरायला जागा मिळेल. एस्तेरच्या सरप्राइजचा अर्थ मला तिथे, रांगेतच कळला. भावंडांचा अबोला होता, तोही बऱ्याच वर्षांचा.

पुढचे दोन दिवस मी त्यांची पोस्टमन होते. शांताबाई ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर, शमुवेलभाऊ शेवटच्या ओळीत. मी माणसं मोजत मागे निघाले की शांताबाई हळूच म्हणायच्या, “त्याने ब्लडप्रेशरची गोळी घेतली का विचार. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.” मी विचारायचे. शमुवेलभाऊ म्हणायचे, “तिने विचारलं ना? घेतली म्हणून सांगा. आणि तिला म्हणावं, खिडकीचा पडदा ओढून घे, उन्हाने तिचं डोकं दुखतं. मी म्हटलं म्हणून सांगू नका.”

अम्मानहून दक्षिणेला जाताना मी माइकवर नेहमीचं सांगितलं. इस्राएल लोकांनी अदोमाच्या राजाकडे निरोप पाठवला, आम्ही तुमच्याच भाऊबंदांपैकी, राजमार्गाने सरळ निघून जातो, तुमच्या विहिरीचं पाणीसुद्धा पिणार नाही. तरी त्याने वाट दिली नाही. यावर पहिल्या सीटवरून शांताबाई मराठीत मोठ्याने म्हणाल्या, “आपल्याच रक्ताची माणसं वाट अडवतात, त्यात नवीन काय आहे?”

मागून आवाज आला, “एसावाने धावत येऊन याकोबाला मिठी मारली होती, तेही सांगा म्हणावं माइकवर.”

कोचमधल्या सगळ्या माना एकदा पुढे, एकदा मागे वळल्या. पाळकसाहेबांनी मला भाषांतर विचारलं. मी म्हटलं, उत्पत्तीच्या पुस्तकाची चर्चा चाललीय. ते खूश झाले. असे जाणकार प्रवासी आपल्या ग्रुपमध्ये आहेत हे त्यांनी इतरांनाही सांगितलं.

पेट्रातल्या पहिल्या दिवशी उंच कड्यांमधली ती अरुंद घळ पार करून आम्ही ‘खजिना’ म्हणतात त्या प्रसिद्ध वास्तूसमोर आलो. शांताबाईंचा गुडघा अधू, म्हणून त्यांना मी बॅटरीच्या गाडीतून आणलं होतं. बाकीचे फोटो काढत होते. आम्ही दोघी चहाच्या टपरीवर बसलो. समोर एवढा मोठा कोरीव दर्शनी भाग, पण शांताबाई त्याकडे बघत नव्हत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

ही तीन भावंडं. वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक. थोरल्या मुलाचं नाव त्यांनी अहरोन ठेवलं होतं. दादा पुढे त्याच गावात शाळामास्तर झाला. शांताबाई नर्स होऊन इकडे आल्या, मग त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं. दादा मात्र गाव सोडून कधी हलला नाही. त्याला एकदा हा डोंगर दाखवायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. दादा हसून म्हणायचा, माझ्या नावाचा माणूस तिथे जाऊन परत आला नव्हता, मला कशाला नेता? मग एका मे महिन्यात दादा अचानक गेला. शमुवेलभाऊ सुट्टीवर गावीच होते. शांताबाईंनी मिळेल ते विमान धरलं, पण मधल्या विमानतळावर ते अडकलं. त्या गावात पोचल्या तेव्हा माती होऊन गेली होती. ख्रिस्ती माणसं दफनाला माती म्हणतात.

“मला नुसती ओली ढेकळं दिसली,” त्या म्हणाल्या. “लहानपणी दादाने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलंय. आणि यांना एक रात्र थांबता आलं नाही.”

त्यानंतर लवकरच त्यांनी भावाशी बोलणं सोडलं. मी त्यांचा चहा पुन्हा भरून आणला. या नोकरीत मला एवढं कळलं होतं की, अशा वेळी समजूत घालायला जायचं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना शमुवेलभाऊ माझ्या टेबलाशी आले. उद्या दुपारपर्यंत मोकळा वेळ आहे, तर त्यांना अहरोनच्या डोंगरावर जाऊन यायचं होतं. कार्यक्रमात तो डोंगर नव्हता. आम्ही तो नेहमी लांबूनच दाखवायचो, कारण वाट लांबची, चढ अवघड आणि वर मदत पोचायला वेळ लागतो. मी हे सांगतच होते तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून शांताबाईंनी मला हाक मारली.

“नीला, मीही जाणार आहे.”

मी गुडघ्याची आठवण करून दिली. गुडघा माझा आहे, असं त्या म्हणाल्या आणि सूप पिऊ लागल्या.

मी हॅरोला साहेबांना फोन केला. उत्तर आलं की, त्या दोघांपैकी कुणी पडलं तर तूही तिथेच राहा, परत येऊ नकोस. याचा अर्थ परवानगी मिळाली. मग मी अबू सामीला गाठलं. हा तिथला बेदुइन, खेचरांचा मालक, आमच्या ग्रुप्सचा जुना ओळखीचा. पेट्रातल्या जुन्या चर्चच्या फरशीवर रंगीत दगडांची चित्रं आहेत, ती बघायला बाकीच्यांना आमच्या गाइडबरोबर न्यायची जबाबदारी पाळकसाहेबांनी घेतली. जाताना त्यांनी शमुवेलभाऊंना सांगितलं, माझ्या वतीनेही एक प्रार्थना करा.

सकाळी आम्ही पेट्राच्या मागच्या बाजूने निघालो. मी जन्मात पहिल्यांदा खेचरावर बसले होते आणि दोन्ही हातांनी खोगीर धरून ठेवलं होतं. शांताबाई मात्र वॉर्डाचा राउंड घेत असल्यासारख्या ताठ. शमुवेलभाऊंचं खेचर दर थोड्या वेळाने उभं राहून झुडपं खायचं. अबू सामी चालत पुढे. डोंगराचा माथा कधी दिसायचा, कधी लपायचा. मी अबू सामीला विचारलं, की हाच तो डोंगर याबद्दल विद्वानांचं एकमत नाही, तुला काय वाटतं? तो म्हणाला, त्याचे आजोबा, पणजोबा इथे नबी हारूनला, म्हणजे आमच्या अहरोनलाच, बकरं कापायला येत होते, विद्वान कधी आलेले त्याने पाहिले नाहीत.

माथ्याखालच्या सपाटीवर खेचरं थांबतात. तिथे एका जुन्या मठाचे अवशेष आहेत. पुढे घुमटापर्यंत खडकात खोदलेल्या, झिजलेल्या पायऱ्या. शांताबाई उतरल्या, काठी टेकत थोड्या पायऱ्या चढल्या आणि गुडघ्याने साफ नकार दिला. चेहरा पांढरा पडला. मी आणि अबू सामीने त्यांना धरून एका सावलीतल्या कट्ट्यावर बसवलं. पाणी पाजलं. मी मनातल्या मनात हेलिकॉप्टरचा नंबर आठवत होते.

शमुवेलभाऊ वरच्या पायरीवरून परत आले आणि बहिणीसमोर उभे राहिले.

“आक्का, मीही थांबतो. नाही जात वर.”

टूर सुरू झाल्यापासून ते पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलले होते. शांताबाईंनी गुडघा चोळता चोळता मान वर केली.

“तू जा, शमू.”

“तुझ्याशिवाय नाही जात.”

“त्या वेळी गेलास ना.”

शांताबाईंनी काठी बाजूला ठेवली.

“चिडून नाही म्हणत. जा तू. पण खाली आलास की मला सगळं सांग. तेव्हा तू मला काहीच सांगितलं नाहीस. कोण आलं, काय झालं, दादा कसा दिसत होता, एक अक्षर नाही. मी तुझ्या घरी येऊन बसले, की तू कधी बोलशील. तू टीव्ही बघत राहिलास.”

शमुवेलभाऊ टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. मग अबू सामीबरोबर वर गेले. घुमटाच्या दाराची किल्ली अबू सामीने राखणदाराकडून आणून ठेवली होती.

मी शांताबाईंजवळ थांबले. एवढे ग्रुप नेले, पण तो माथा मी कधी जवळून पाहिला नव्हता, आणि आज इतक्या जवळ येऊनही तो राहिला याची थोडी चुटपुट लागली. पुढेही तो योग आला नाही. पण त्या कट्ट्यावर शांताबाई जे बोलल्या ते मला वर ऐकायला मिळालं नसतं.

त्या म्हणाल्या, अहरोन मेला तेव्हा मोशे आणि अहरोनाचा मुलगा, एवढेच त्याच्याबरोबर डोंगरावर गेले होते. बाकी सगळे लोक खाली बघत उभे. तिघे वर गेले आणि दोघे उतरले, त्यावरून खालच्यांनी ओळखलं. “आणि बहीण मिर्याम त्याच अध्यायात आधीच गेलेली. तिचं एका ओळीत उरकलंय.” त्या किंचित हसल्या.

मग गुडघा चोळत म्हणाल्या, “वॉर्डात माणूस गेला आणि घरचे उशिरा पोचले, की मी त्यांना खोलीत नेऊन बसवायची. शेवटी काय झालं ते नीट सांगायची. पाणी मागितलं का, कुणाचं नाव घेतलं का. लोकांना तेच हवं असतं गं. ते कळलं की ती माणसं घरी जाऊ शकतात. माझ्या वेळेला मला कुणी सांगितलं नाही.”

वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. शमुवेलभाऊ उतरत होते, अबू सामीच्या खांद्यावर हात ठेवून. ते येऊन बहिणीशेजारी कट्ट्यावर बसले.

“काय आहे वर?” शांताबाईंनी विचारलं.

“एक खोली आहे. कबर आहे, तिच्यावर हिरवं कापड. स्वच्छ ठेवलंय.” पुढचं कुणी विचारलं नव्हतं. “दादाला राखाडी कोट घातला होता. तू पाठवलेला.”

शांताबाईंचा हात गुडघ्यावरच थांबला.

मग शमुवेलभाऊ बोलत गेले. मी उठून जायला लागले, तर शांताबाईंनीच माझा हात धरून खाली बसवलं. गावात वीज गेली होती. तालुक्याहून बर्फ आणला, तो उन्हाने दुपारपर्यंत वितळला. शमुवेलभाऊंनी मंडळींना सांगितलं, आक्का येतेय, थांबू. पुन्हा सांगितलं. मग एका म्हाताऱ्या काकांनी त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, मास्तरला असा किती वेळ ठेवणार? बहिणीने त्याला या अवस्थेत बघावं का?

“मी आत जाऊन बघितलं आणि हो म्हटलं, आक्का. कुणी जबरदस्ती नाही केली. मीच हो म्हटलं. ते तुला सांगायला मला तोंड नव्हतं.”

“पुढे सांग,” शांताबाई म्हणाल्या. आवाज अगदी वॉर्डातला.

पुढे शाळेची सगळी मुलं आली. गणवेशात. मारुतीच्या देवळातले पुजारी आले, मशिदीतले चाचा आले, दोघांनी खांदा दिला. दादाचा मुलगा रडला नाही, पण चप्पल उलटसुलट पायांत घालून स्मशानापर्यंत गेला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

“आणि गाणं? गाणं म्हटलं का?”

शमुवेलभाऊंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, काढली.

“म्हटलं. म्हणजे, झालं असं की... घरात सूर नेहमी तूच द्यायचीस. बाबांच्या उपासनेतही तूच. गावचे पाळकसाहेब म्हणाले, करा सुरू, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी धरला सूर. इतका वर लागला, आक्का, की पहिल्या ओळीतच बायकांचे आवाज फाटले. पुरुषांनी तर सोडूनच दिलं. शेवटच्या कडव्याला मी एकटा ओरडत होतो. पोरं हसायला लागली. आणि मला वाटलं, दादा हे ऐकत असता तर उठून बसला असता.”

शांताबाईंनी पदर नव्हता म्हणून कार्डिगनची बाही तोंडाला लावली. मला वाटलं, रडताहेत. रडतही होत्या. पण खांदे हलत होते ते हसण्याने. शमुवेलभाऊ घाबरून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनाही हसू आवरेना. अबू सामीला काही कळलं नव्हतं, तरी तोही हसला.

“कुठलं गाणं होतं?” डोळे पुसून शांताबाईंनी विचारलं.

शमुवेलभाऊंनी सांगितलं. शांताबाईंनी घसा साफ केला आणि तिथेच बसल्या बसल्या ते सुरू केलं. साधं, संथ, मराठी भजनाच्या चालीचं गीत. आवाज वयाने थकलेला, पण सूर नेमका जिथे हवा तिथे. दुसऱ्या ओळीला शमुवेलभाऊ खालच्या आवाजात सामील झाले. खेचरं शेपट्या हलवत उभी होती. लांब खाली पेट्राचे तांबूस डोंगर आणि त्यांच्यापलीकडे वाळवंट. मी ख्रिस्ती नाही, मला ते गीत येत नव्हतं. मी नुसती बसून राहिले.

पुढे काय झालं ते सांगून टाकते, कारण हॅरोतल्या ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. परतीच्या कोचमध्ये दोघं एका सीटवर बसले आणि खिडकी कुणाची यावरून अम्मानपर्यंत भांडले. त्या नाताळात शमुवेलभाऊ आठवडाभर कार्डिफला राहिले. एस्तेरने मला फोटो पाठवला, त्यात शांताबाई भावाचं ब्लडप्रेशर मोजताहेत. लॉकडाउनमध्ये दोघांचे रोज फोन चालायचे आणि मधूनमधून दोघंही एकमेकांची तक्रार करायला मला फोन करायचे. आमची कंपनी त्याच काळात बंद पडली. पिवळी छत्री अजून माझ्या कपाटात आहे. लोकांना नबाती राजे, ऊद, गंधरस यांच्याबद्दल मी वर्षानुवर्षं सांगत आले, त्यातलं किती कुणाच्या लक्षात राहिलं असेल, मला शंका आहे. पण दोन प्रवासी मी पुरते घरी पोचवले, एवढं मी अभिमानाने म्हणू शकते.

त्या दिवशी डोंगर उतरायला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. अबू सामीने मला विचारलं, मघाशी त्या बाई काय म्हणत होत्या? मी सांगितलं, त्यांच्या गेलेल्या भावासाठीचं गाणं होतं. भावाचं नाव हारून, हे ऐकल्यावर तो थबकला. मग म्हणाला, उतरणीला गाणं बरं असतं, खेचरंही नीट चालतात, पुन्हा म्हणायला सांग.

मी तसं सांगितलं. शांताबाई पुढच्या खेचरावर होत्या. त्या म्हणाल्या, “आता मला दम नाही. शमूला सांग, त्याने सूर द्यावा.”

“आक्का, नको,” शमुवेलभाऊ म्हणाले.

“दे म्हणते ना.”

शमुवेलभाऊंनी खेचराच्या मानेवर एक हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. सूर पुन्हा भलताच वर लागला. अबू सामीसुद्धा दचकला. शांताबाईंनी खोगिरावरून मागे वळून भावाकडे पाहिलं, आणि आवाज फाटत असतानाही त्याच सुरात गायला लागल्या.